घरबसल्या डॉक्टरेट?

प्रश्न: मॅडम, मी हडपसरच्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. एम.एस्सी. नर्सिंग झालंय. एका एजंटाने अमेरिकेतली ऑनलाइन ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ सुचवलीय. घरबसल्या होते, नंतर इथे कॉलेजात प्रोफेसर होता येतं, म्हणतो. कर्ज काढून करू का? – एक सिस्टर

उत्तर: सिस्टर, कर्जाच्या कागदावर सही करू नकोस.

ही ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’, म्हणजे डीएनपी, पदवी खोटी नाही. तिकडे नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध लिहिणाऱ्या नर्स), नर्स ॲनेस्थेटिस्ट (भूल देणाऱ्या नर्स) ती घेतात. पण ‘घरबसल्या’ म्हणजे फक्त लेक्चर आणि असाइनमेंट. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने २००६ मध्ये जी चौकट आखली, तिच्यात बी.एस्सी.नंतर किमान १००० तासांचं प्रत्यक्ष काम धरलं होतं, तेही प्रिसेप्टरच्या, म्हणजे काम शिकवणाऱ्या अनुभवी व्यक्तीच्या, देखरेखीखाली. शिवाय बहुतेक ठिकाणी तिकडचं चालू आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स मागतात. एजंटाला एवढंच विचार: माझे तास कुठे भरणार, प्रिसेप्टर कोण, लेखी द्या. पुढचा फोन बहुधा येणार नाही.

आता प्रोफेसरकीचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांत नर्सिंगही ऑनलाइन चालत नाही आणि पीएच.डी.ही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) परदेशी विद्यापीठांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.बद्दल जाहीर सावध केलं होतं. डीएनपी ही पीएच.डी.सुद्धा नव्हे, ती प्रॅक्टिसची पदवी. मुलाखतीला बसल्यावर हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला जायचं पक्कं असेल, तर गोष्ट वेगळी. आधी एनक्लेक्स, म्हणजे तिकडच्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा, दे, तिकडे नोकरीला लाग, मग डीएनपी कर. विद्यापीठाला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या तिकडच्या संस्थांची मान्यता आहे ना, तेवढं बघून.

पुण्यातच राहायचं असेल तर पीएच.डी. कर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत अर्धवेळ करता येते, किमान तीन वर्षं लागतात आणि हॉस्पिटलचं ना हरकत पत्र द्यावं लागतं. ते पत्र मिळवणं हाच खरा डोंगर, मेट्रनला आतापासून पटवायला लाग. विषय कुठे शोधत बसू नकोस. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची तोंडाची स्वच्छता, बेडसोअर, नाइटला हँडओव्हर देताना सुटणाऱ्या गोष्टी, हे सगळं तुझ्यासमोर रोज घडतंय. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रवेशाची सूचना निघण्याआधी गाईडला भेट, आणि जाताना विषय पानभर लिहून ने.