आजीचा चेहरा सपाट का दिसतो?

प्रश्न : आजीच्या जुन्या ४ बाय ६ इंची फोटोवरून मासिकांच्या कागदाचं कोलाज करते आहे. त्वचेचे रंग शोधून शोधून जुळवले, तरी चेहरा सपाट दिसतो. शिवाय चिकटवलेला कागद फुगतो. चूक कुठे होते आहे?

उत्तर : तुम्ही रंग जुळवलेत, पण उजेड-सावली राहिली. वीटकरी आणि हिरवा कागद डोळ्यांना वेगळे दिसतात, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही एकच करडे निघू शकतात. म्हणून कापण्याआधी सगळ्या कागदांचा फोनवर कृष्णधवल फोटो काढा आणि त्यावरून पाच पाकिटांत वाटणी करा : पांढरट, उजळ, मध्यम, गडद, काळा. छटा बरोबर असेल तर गालावर निळा कागदही खपून जातो!

मूळ फोटोला कात्री लावू नका. तिप्पट मोठी, म्हणजे १२ बाय १८ इंची झेरॉक्स काढा, तिच्यावर पाचही छटांच्या हद्दी आखून १ ते ५ आकडे घाला आणि कार्बन पेपरने पुठ्ठ्यावर उतरवा. मागून पुढे या : पार्श्वभूमी, केस, साडी, चेहरा, शेवटी डोळे आणि नथ. गालाला दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे चालतात, पापणीला तीन-चार मिलिमीटरचे लागतात, ते चिमट्याने ठेवा. प्रत्येक तुकडा शेजाऱ्यावर दोनेक मिलिमीटर चढू द्या, नाहीतर फटींतून पुठ्ठा डोकावतो. छापील मजकूर लांबून करडा दिसतो आणि शिरोरेखांना दिशा असते. त्या निऱ्यांच्या बाजूने वळवल्या की लुगड्याला घड्या पडल्यासारख्या वाटतात. मासिकातले तयार डोळे मात्र कापून लावू नका, चेहरा आजीचा राहत नाही.

आता फुगण्याचं. कागद ओला झाला की पसरतो. पसरायच्या आतच तो चिकटवला, तर पुठ्ठ्यावर पसरतो आणि खाली हवा अडकते. फेव्हिकॉलच्या तीन भागांत एक भाग पाणी घाला, तुकड्याच्या पाठीला पातळ हात द्या, अर्धा मिनिट थांबा, मग ठेवा. वर बटर पेपर धरून चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे दाबा. चार-पाच सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा घेऊच नका.

प्रश्न : चिकटवल्यावर पानाच्या मागची अक्षरं दिसू लागतात.

उत्तर : पातळ कागद गोंदाने आणखी पारदर्शक होतो. आधी उजेडासमोर धरून बघा. अक्षरं दिसली तर पाठीला पांढरा अॅक्रिलिक रंग लावून वाळवा. घरच्या इंकजेटवर छापलेले तुकडे वापरत असाल तर त्यांची शाई ओल्या गोंदाने पसरते, लेझर प्रिंट घ्या.

प्रश्न : वाळल्यावर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकला.

उत्तर : कागद वाळताना आक्रसतो आणि एकाच बाजूने पुठ्ठा ओढतो. मागेही तसाच कागद त्याच गोंदाने चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पुढच्या वेळी तीन मिलिमीटरचा पुठ्ठा घ्या.