लँडस्केपचे फोटो काढता काढता त्याच कॅमेऱ्यावर व्हिडिओही शिकता येईल का? सेटिंग काय ठेवावी आणि माइक कोणता घ्यावा?

शिकता येईल. फक्त ते "काढता काढता" सोडा. तुमच्या प्रश्नातल्या त्या दोन शब्दांसाठीच मी लिहायला बसले आहे, कारण त्यांच्यापायी माझा एक अख्खा हंगाम वाया गेला आणि घरात जो वाद सुरू झाला तो आजही मिटलेला नाही.

मला कॅमेरा धरायला दादाने शिकवलं. तो पक्का फोटोवाला. त्याचं म्हणणं असं की ज्याला फ्रेम लावता येते त्याला व्हिडिओ येतोच, फक्त लाल बटण दाबायचं बाकी असतं. आधी फोटो पदरात पाडून घ्यायचे, मग उरलेल्या वेळात दोन-चार क्लिपा घ्यायच्या. मीही तेच खरं मानून चालले होते.

मग ती तळ्याकाठची पहाट. आम्ही अंधारात पोचलो, दोघांचे ट्रायपॉड शेजारी शेजारी लावले. पाण्यावर धुकं, पलीकडे डोंगर, काठाला उंच गवत. सूर्याची कड दिसली तसं धुकं पाण्यावरून सरकायला लागलं, आणि ते सरकणं काही केल्या फोटोत येईना. मी चकती व्हिडिओवर फिरवली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. अर्धा मिनिट झाला असेल, तेवढ्यात शेजारून दादा, "अगं, उजेड चाललाय, फोटो घे आधी!" मी परत फोटोवर. तीन फ्रेम घेतल्या, परत व्हिडिओ. परत फोटो. चार-पाच वेळा हेच झालं. तोवर धुकं विरलं आणि ऊन पांढरं पडलं.

घरी येऊन बघितलं तर शटर १/१००० वरच, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागावर, राहिलेला. त्याआधी उडणारे पक्षी टिपायला ठेवला होता तो तसाच. त्यामुळे गवत डुलण्याऐवजी झटके खात होतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर, म्हणून निळसर धुकं क्लिपच्या मध्यावर पिवळट होत गेलं, आणि तो बदल उजेडाचा नव्हता, कॅमेऱ्याचा होता. ऑटोफोकसला धुक्यात काही सापडेना, त्यामुळे डोंगर आत-बाहेर होत होता. आवाजात वाऱ्याची फडफड, दादाच्या शटरची टकटक आणि मध्येच "अगं, उजेड चाललाय". फोटोंचं तेच. मघाशी घासूनपुसून लावलेली फ्रेम प्रत्येक अदलाबदलीत थोडी हलली होती, आणि सगळ्यात चांगला उजेड दादाच्या कार्डात होता, माझ्या नाही.

दादा म्हणाला, "व्हिडिओच्या नादात फोटो गेले." मी म्हटलं, फोटोच्या नादात व्हिडिओ गेला. हाच तो वाद.

पण त्या दिवसाची एक क्लिप मी जपून ठेवली आहे. दादा गाडीकडे गेल्यावर मी कॅमेरा खाली गवतापाशी लावला, फोकस हाताने केला आणि हात काढून घेतला. पात्याच्या टोकाला दव जमतं. थेंब फुगतो, पातं त्याच्या भाराने थोडं थोडं वाकत जातं, थेंब सुटतो, आणि पातं वर उसळून शेजारच्या पात्याला लागतं. त्याचाही थेंब पडतो. पाऊण मिनिटाचा खेळ. याचा फोटो काढला असता तर तो अगदी मामुली आला असता, दादाने बघितल्या बघितल्या उडवला असता. उलट तळं आणि डोंगराची ती देखणी फ्रेम व्हिडिओत चार सेकंदांनी मेलेली वाटते, कारण तिच्यात काहीच घडत नाही. म्हणून फ्रेम जमली की व्हिडिओ जमला, हे मला मान्य नाही. व्हिडिओला उभं राहताना आधी हलतंय काय ते शोधावं लागतं, ते कुठून येणार आणि कुठे थांबणार याचा अंदाज घ्यावा लागतो. ही नजर वेगळी आहे आणि ती वेगळी वेळ देऊनच तयार होते.

म्हणून आदल्या रात्री ठरवा: उद्या फोटो की व्हिडिओ. एका सूर्योदयाला एकच काम. निदान पहिले सहा महिने.

आता सेटिंग. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५०, म्हणजे हालचाल डोळ्याला सहज वाटते. अडचण उजेडाची आहे. भर उन्हात आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) १०० आणि एफ ८ ला (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तितकं छिद्र मोठं) शटर साधारण १/४०० लागतो. तो १/५० वर आणायला तीन स्टॉप कापावे लागतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे एनडी ८, लेन्सवर लावायचा काळसर फिल्टर. एफ ४ वर काम करायचं तर पाच स्टॉप, एनडी ३२. धबधब्याचं पाणी रेशमी करायला घेतलेला तुमचा दहा स्टॉपवाला फिल्टर इथे उपयोगाचा नाही. व्हेरिएबल एनडी, म्हणजे फिरवून कमी-जास्त गडद करता येणारा, सोयीचा असतो, पण वाइड लेन्सवर शेवटपर्यंत फिरवलात की आकाशात काळी फुली उमटते.

व्हाइट बॅलन्स दिवसा ५६०० केल्विनला बांधून टाका. फोकस मॅन्युअल. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. क्लिप किमान वीस सेकंदांची, आणि तेवढा वेळ कॅमेऱ्याला बोटही लावायचं नाही. पॅन करूच नका, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरा आडवा फिरवू नका. फोटोवाल्यांच्या ट्रायपॉडवर बॉल हेड, म्हणजे सगळीकडे वळणारं गोळ्याचं डोकं, असतो, त्यावर सरळ पॅन होत नाही. व्हिडिओसाठीचा, संथ फिरणारा फ्लुइड हेड आल्यावर बघू.

रॉ फोटोची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलची) "नंतर सुधारू" ही सवय मात्र आजच मोडा. आठ बिट व्हिडिओत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटमध्ये १०२४. आठ बिटमधलं पहाटेचं आकाश ताणायला गेलात की पट्टे दिसतात. कॅमेऱ्यात दहा बिटची सोय असेल तर तीच वापरा. आणि "व्हिडिओतूनच एक फ्रेम फोटो म्हणून काढू" असं कोणीतरी सुचवेलच (दादानेही सुचवलं होतं). फोरके फ्रेम म्हणजे ३८४० बाय २१६०, जेमतेम ८३ लाख पिक्सेल, २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा तिसरा हिस्सा. शिवाय १/५० ला हलतं गवत पुसट येतं. भिंतीवर लावायचा फोटो त्यातून निघत नाही.

कार्डाचा हिशोब आधी करा. सेकंदाला १०० मेगाबिटच्या रेकॉर्डिंगला मिनिटाला ७५० एमबी जातात.

माइक कोणता, ते तुमच्या खिशावर आहे, त्यात मी पडत नाही. पण माइकच्या आधी केसाळ कव्हर घ्या. काळा फोम घरात बोलताना ठीक, उघड्यावरचा वारा त्याला जुमानत नाही. कॅमेऱ्यातल्या माइकमध्ये लेन्सची मोटर आणि तुमचा हात दोन्ही ऐकू येतात. मी छोटा रेकॉर्डर बॅगेच्या आडोशाला जमिनीवर ठेवते आणि कॅमेरा बंद करून त्या जागेचा दोन मिनिटं नुसता आवाज घेते. हेडफोन लावून ऐका. न ऐकता घेतलेल्या आवाजाचा मला अजून एकदाही उपयोग झालेला नाही.

एक सांगायचं राहिलं. जिथे पुन्हा कधी जाणं होणार नाही अशा ठिकाणी एकच काम निवडणं जीवावर येतं, ते मला कळतं. तिथे फोन छोट्या स्टँडवर व्हिडिओला लावून द्या आणि कॅमेऱ्याने निवांत फोटो काढा. टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ) करत असाल तर माझा नियम त्याला लागू नाही, कारण ते फोटोच असतात: दहा सेकंदांसाठी २५० फोटो, दर पाच सेकंदांना एक धरला तर जवळपास एकवीस मिनिटं. दादा टाइमलॅप्स आनंदाने करतो आणि "बघ, दोन्ही जमतं" असं मला ऐकवतो. जमत नाही. त्या एकवीस मिनिटांत त्याचा कॅमेरा त्याला दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, आणि त्यात आवाजही नसतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं पुन्हा त्याच तळ्यावर जाणार आहोत. तो पलीकडच्या काठावर उभा राहील. त्याच्या शटरची टकटक माझ्या रेकॉर्डरपर्यंत पोचते का, ते मी या वेळी आधी ऐकून घेणार आहे.