काळपट टेललाइट लावावेत का?

प्रश्न : ताई, माझ्याकडे पहिल्या पिढीची लाल माझदा एमएक्स-५ आहे. मागचे दिवे मूळचेच, बल्बवाले. त्यांच्यावर स्मोक फिल्म, म्हणजे काळपट पारदर्शक चिकटपापुद्रा, लावायचं बरेच दिवस मनात आहे. लाल बॉडीवर काळपट दिवे फार उठून दिसतात. मित्र म्हणतो, फिल्मच्या भानगडीत पडू नकोस, सरळ स्प्रे मार आणि उजेड कमी पडला तर जास्त वॉटचे बल्ब टाक. तुमची गाडी असती तर तुम्ही काय केलं असतं?

उत्तर : दिव्यांना हात लावला नसता. फिल्म नाही आणि स्प्रे तर नाहीच. लाल गाडीला काळे दिवे शोभतात, हे मलाही मान्य आहे. माझं आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलंय आणि दिव्याकडे मी आधी मागून येणाऱ्याच्या नजरेनं बघते, म्हणून असं सांगते.

तुमच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. ५ वॉटची रात्री सतत जळते, २१ वॉटची ब्रेक दाबल्यावर पेटते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांत मागच्या साध्या दिव्याला सरळ मागच्या दिशेनं किमान ४ कॅन्डेला (एका दिशेनं पडणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेचं माप) लागतात, ब्रेकलाइटला किमान ६०. म्हणजे रात्रीचा तो लाल ठिपका मुळातच मंद असतो. निम्मा उजेड अडवणारी फिल्म चढवली की त्या मंदातलाही अर्धाच उरतो. पावसात, धुक्यात, काचेवर चिखल उडालेला असताना उरलेला अर्धा कितीसा पोचणार?

ब्रेकलाइटची पंचाईत दिवसा होते. ऊन थेट मागच्या काचेवर पडलेलं असताना ब्रेक लागलाय की नाही, हे चांगल्या दिव्यातही पटकन कळत नाही. मागच्याला ते कळायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ताशी १०० किलोमीटरच्या वेगात त्याची गाडी तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर पुढे आलेली असते. आणि तुमची गाडी ठेंगणी, उंची जेमतेम सव्वा मीटर. मागे उंच ट्रक असेल तर ड्रायव्हरला आधीच वरून खाली बघावं लागतं.

आता रिफ्लेक्टर. याचा विचार फिल्म लावणारे करतच नाहीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मागच्या लाल काचेच्या एका भागात आतून बारीक बारीक पैलू पाडलेले असतात. मागच्या गाडीचा उजेड त्यांच्यावर पडला की तो आला तसाच उलट फिरतो. गाडी बंद पडली, बॅटरी उतरली, रस्त्याच्या कडेला दिव्यांशिवाय उभी आहे, अशा वेळी तेवढाच भाग तुमचा जीव वाचवतो. फिल्ममधून बल्बचा उजेड एकदाच बाहेर पडतो, पण रिफ्लेक्टरचा उजेड आत जाताना एकदा आणि परत येताना एकदा असा दोनदा गाळला जातो. फिल्म निम्मा उजेड सोडत असेल तर परत येतो चौथा हिस्सा. सत्तर टक्के सोडणारी, दुकानात अगदी फिकट दिसणारी फिल्म घेतलीत, तरी निम्माच. आणि तिथे जास्त वॉटचा बल्ब काही कामाचा नाही, कारण रिफ्लेक्टरला बल्बच नसतो.

मित्राचा बल्बचा सल्ला एरवीही धोक्याचा. जास्त वॉट म्हणजे जास्त उष्णता. होल्डरचं प्लास्टिक वितळतं, काच आतून पिवळी पडून वाकते, तीस वर्षांच्या वायरिंगवर नको तो ताण येतो. एलईडी बल्ब थंड राहतात, पण तुमच्या दिव्याची आतली चकचकीत वाटी फिलामेंटच्या जागेचा हिशेब धरून घडवलेली आहे. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून, वेगळ्या दिशेनं निघतो. स्वस्त एलईडीत तर साधा दिवा आणि ब्रेक यांतला फरकच पुसट होतो आणि तो सगळ्यात वाईट, कारण मागच्याला फरकच वाचायचा असतो. शिवाय लाल काचेमागे पांढरा एलईडी बसवला तर उजेड गुलाबी, फिका पडतो.

नियम देशादेशात वेगळे आहेत, तेव्हा गाडी नोंदवली आहे तिथले बघून घ्या. पण काचेवर कोपऱ्यात वर्तुळात ई आणि आकडा असा शिक्का असेल, तर तो दिवा तसाच्या तसा तपासून मंजूर झालेला असतो. वरून फिल्म चढली की तो तपासलेला दिवा राहत नाही.

तरीही मन मानत नसेल तर एक करा. एकाच बाजूला फिल्म लावा, दुसरी उघडी ठेवा. ऊन मागच्या दिव्यांवर पडेल अशी गाडी उभी करा, कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा आणि चाळीस पावलं मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मोबाइलचा फोटो काढून ठरवू नका, कॅमेरा उजेड आपल्या मनानं सावरून घेतो. मग रात्री दिवे बंद ठेवून टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि त्याच अंतरावरून दोन्ही बाजू बघा. टॉर्च कमरेशी धरलीत तर काही दिसणार नाही, रिफ्लेक्टर उजेड जिथून आला तिथेच परत पाठवतो. या दोन तपासण्यांनंतर फिल्म स्वतःच्या हातानं काढणारे मी पाहिलेत.

काळपट रूपच हवं असेल तर मुळातच गडद काचेचे, आत त्या काचेच्या हिशेबानं एलईडी बसवलेले, शिक्का आणि रिफ्लेक्टर दोन्ही असलेले तयार दिवे तुमच्या मॉडेलला मिळतात का बघा. मिळाले तर खुशाल लावा, माझी हरकत नाही. फक्त मूळचे दिवे कापडात गुंडाळून जपून ठेवा. तुमच्या गाडीचा तो लंबगोल टेललाइट न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. लाल, नारिंगी आणि पांढरा, तीन भाग इतक्या सुबकपणे एका आकारात बसवलेले दिवे फार थोडे आहेत. काळ्या थराखाली पहिला बळी त्या नारिंगीचा जातो. इंडिकेटर दिवसा तपकिरी दिसायला लागतो.

प्रश्न : माझ्या सेकंडहँड कूपेच्या टेललाइटवर आधीच्या मालकानं काळा स्प्रे मारलेला आहे. निघेल का?

उत्तर : बहुतेक वेळा निघतो. थिनर किंवा अ‍ॅसिटोन मात्र लावू नका. टेललाइटची काच सहसा अ‍ॅक्रिलिकची असते, तिला केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या भरून येत नाहीत. दिवा सोडवून बाहेर काढा, ओल्या पॉलिशपेपरनं १००० नंबरपासून सुरुवात करा, मग १५००, मग २०००, पाणी सतत सोडत राहा. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. रिफ्लेक्टरचे पैलू आतल्या बाजूला असतात, त्यामुळे बाहेरून घासल्यानं ते बिघडत नाहीत, पण वरचा पृष्ठभाग जरा जरी धुरकट राहिला तरी त्यांचं काम मंदावतं. तेवढ्या भागावर कंपाउंड जास्त वेळ फिरवा. दिवा परत बसवताना मागचं रबरी सील कडक झालेलं दिसलं तर नवं टाका, नाहीतर पहिल्याच पावसात डिकीत पाणी उतरेल.