घोडं परवडेल, पण त्याची चंदी?

प्रश्न थोडक्यात असा. वाचक सांगलीत हळदीच्या एका अडत पेढीवर हिशेब बघतात. नवरा-बायकोची मिळून मिळकत महिना 67,000. गृहकर्जाचा हप्ता 19,400, एसआयपी 6,000, घरखर्च 30,000 च्या आसपास. बँकेत 1,40,000 ची मुदत ठेव, बचत खात्यात 35,000. मुलगी 14 वर्षांची; उन्हाळी शिबिरात घोड्यावर बसली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एका आयोजकाने तीन दिवस, दोन मुक्काम, रोज घोडेस्वारी आणि कोयनेच्या पाण्याकाठी तंबू असा बेत दिलाय. चौघांचे 66,000, कार्डावर 12 महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’. उलट दोन मित्र म्हणतात, सहलीत पैसे उडवण्यापेक्षा तिघं मिळून अकलूजच्या बाजारातून दोन घोडी आणू. प्रत्येकी 1,10,000, मिरजेजवळच्या मळ्यात बांधू, लग्नसराईत वरातीला भाड्याने देऊ. मुदत ठेव मोडू का, असं विचारलंय.

मोडू नका. सहलीसाठी नको आणि घोड्यांसाठी तर मुळीच नको. हप्ता आणि घरखर्च मिळून तुम्हाला महिन्याला 49,400 लागतात. ठेव आणि बचत एकत्र धरली तर साडेतीन महिन्यांचा आसरा होतो, तोही कमीच आहे. ती ठेव घोड्यावर बसवायची नाही.

मित्रांच्या हिशेबात किंमत आहे, पोट नाही. 350 किलोचं घोडं रोज वजनाच्या दोन-अडीच टक्के कोरडा चारा आणि चंदी, म्हणजे दाणा, खातं, म्हणजे सात ते नऊ किलो. तुम्ही रविवारी बसा वा बसू नका, सोमवारी तेवढंच लागतं. दर पाच-सहा आठवड्यांनी नालबंद बोलवायचा. पोटशूळ उठला तर रात्री बारा वाजता डॉक्टर शोधायचा. खरारा, लीद काढणं, रोजचं फिरवणं हे तुम्ही पेढीवर असताना करणार कोण? तुमच्याच पत्रातला ‘घोड्यामागे महिना 9,000’ हा आकडा, मोतद्दाराचा, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याचा, पगार न धरता, घेऊन बघू: दोन घोड्यांचे वर्षाला 2,16,000, तुमचा तिसरा हिस्सा 72,000. म्हणजे सहलीपेक्षा जास्त, आणि दरवर्षी.

वरातीचं उत्पन्नही तितकं सोपं नाही. बँड, फटाके, डीजे यांत न बुजणारं जनावर तयार व्हायला फार वेळ आणि जाणता माणूस लागतो. कुणा वऱ्हाड्याला लाथ बसली तर भरपाई तिघांपैकी कोण देणार, याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. ट्रॅक्टरच्या भागीदारीत तुटलेल्या दोस्त्या मी पुष्कळ पाहिल्यात. ट्रॅक्टर निदान बंद केल्यावर डिझेल मागत नाही.

आता सहल. ती करा, आणि येत्या शाळेच्या वर्षातच करा. लेक जूनमध्ये नववीत जाईल, पुढच्या वर्षी दहावी. मग तुम्हाला सवडही नसेल आणि तिला परवानगीही.

पण 66,000 कशाचे? आयोजकाने चौघांनाही स्वार धरलंय. वहिनींना घोड्याची भीती वाटते असं तुम्हीच लिहिलंय. धाकटा नऊ वर्षांचा, तो लगाम दुसऱ्याच्या हातात देऊन अर्धा तास बसेल. आणि तुम्ही स्वतःचं वजन 88 किलो सांगितलंय. हसू नका, हा पैशाचाच मुद्दा आहे. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांच्या आत असावं असा अंदाज धरतात. 350 किलोच्या घोड्याला ते 70 किलो होतं. तुमच्याजोगं दणकट घोडं आहे का, हे आधी विचारा. नसेल तर खरी स्वार एकटी मुलगीच. स्वारी आणि मुक्काम यांचे दर वेगळे मागा. माझ्या अंदाजाने 50,000 च्या आत बसायला हवं. त्याआधी एक रविवार पाचगणीच्या टेबललँडवर सगळ्यांना थोडा थोडा वेळ बसवून बघा. शेकड्यांत कळणारी गोष्ट हजारांत कशाला कळून घ्यायची?

आयोजकाच्या पत्रकात ‘अभयारण्यात तंबू’ लिहिलंय, तिथे मला खटकलं. कोयनेच्या जलाशयाकाठच्या बामणोलीहून होडीने वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांनाही संध्याकाळच्या आत परतावं लागतं. तिथे मुक्कामाला परवानगी नाही. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तंबू तापोळा-बामणोलीच्या बाजूला खासगी जमिनीवर असेल तर जमीन कुणाची, हे लेखी घ्या. वनखात्याने उठवलं तर आगाऊ रक्कम परत मिळेल का, हेही त्याच कागदावर.

ईएमआयबद्दल एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? जे कमी होईल तीच त्या ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट. वर व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क येतं ते वेगळंच.

पैसे असे जमवा: महिन्याला 11,600 शिल्लक राहतात, त्यातले 5,500 एप्रिलपासून बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. डिसेंबरपर्यंत नऊ हप्त्यांत 49,500 होतील. टपाल खात्याची आवर्ती ठेव यासाठी नको, ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. पिग्मीवाल्याने पतसंस्थेत जास्त व्याज सांगितलंय, पण बँकेसारखं 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण पतसंस्थेला नसतं. नाताळच्या गर्दीत जाऊ नका. जानेवारीच्या मध्यात शुक्रवार ते रविवार गाठा, भाव करायला जागा मिळेल.

विम्याचं एक. आरोग्य विम्यातल्या साहसी खेळांच्या ठरावीक वगळणुकीत व्यावसायिक म्हणून भाग घेणारे धरलेले असतात. हौसेने बसलेल्या मुलीचा हात मोडला तर त्या कलमाने दावा सहसा अडू नये. व्यक्तिगत अपघात पॉलिसीची भाषा मात्र कंपनीगणिक बदलते. तुमची पॉलिसी काढून ते कलम वाचा, नाहीतर एजंटला ईमेलवर विचारा. तोंडी ‘हो साहेब, सगळं कव्हर आहे’ यावर तंबू ठोकू नका. हेल्मेट आयोजक देतो का, हेही विचारा. देत नसेल तर तो आयोजकच नको.