टोलरस्त्याचा पैसा गावात उतरतो कुठे?

साताऱ्या-सांगलीच्या वाचकांनी टोलरस्त्यांबद्दल विचारलेल्या प्रश्नांपैकी चार इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमची द्राक्षं कराडमार्गे मुंबईला जातात. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, पुढे एक्स्प्रेस वे, सगळीकडे टोल. हा भुर्दंड शेवटी आमच्याच पट्टीतून कापला जातो ना? (बागायतदार, तासगाव)

उत्तर : कापला जातो, पण किती ते मांडून पाहा. समजा, जाऊन-येऊन दोन हजार टोल पडला आणि गाडीत पाच टन माल आहे, तर किलोमागे चाळीस पैसे झाले. उलट खराब रस्त्याच्या धक्क्यांनी क्रेटमध्ये मूठभर मणी सुटले, तर व्यापारी अख्ख्या क्रेटचा भाव पाडतो. म्हणून चांगल्या रस्त्याचा टोल द्राक्षाला परवडतो. हळदीच्या पोत्याला धक्क्यानं काही होत नाही, तिथे हिशेब वेगळा. मात्र टोलही भरायचा आणि डायव्हर्जनमध्ये तासन् तास अडकायचं, हा दुहेरी मार आहे आणि त्याबद्दलचा तुमचा राग रास्त आहे.

एक सवलत अनेकांना माहीत नसते. टोलनाका ज्या जिल्ह्यात आहे, तिथलंच पासिंग असलेल्या व्यावसायिक गाडीला, नॅशनल परमिट नसेल तर, राष्ट्रीय महामार्गावर निम्माच टोल असतो. नाक्यावरच्या दरफलकात त्याचा वेगळा रकाना असतो. तासवडे सातारा जिल्ह्यात, म्हणून तिथे तुमची सांगलीची एमएच १० गाडी त्यात बसत नाही. साताऱ्याची एमएच ११ किंवा कराडची एमएच ५० बसते. गाडी ठरवताना हे विचारात घ्या.

प्रश्न : महामार्गाला लागून आमचं जेवणाचं हॉटेल आहे. समोर उड्डाणपूल झाल्यावर धंदा बसेल का? (कराड)

उत्तर : जुना धंदा बसेल, असं धरूनच चाला. अशाच एका हॉटेलमालकाची वही मी पाहिली आहे. काम सुरू होण्याआधी दुपारच्या पानावर ओळीनं ट्रकवाल्यांच्या थाळ्या. नंतर त्याच पानावर चहा आणि बिस्किटांचे पुडे. रस्त्यावरच्या गाड्या घटल्या नव्हत्या, फक्त त्याच्या दारात थांबेनाशा झाल्या होत्या.

लांबचा प्रवासी पुलावरून निघून जातो. खाली उरतं ते गावातलं गिऱ्हाईक, आणि कोंडी सुटल्यावर तेच परत येतं. त्या मालकानं थाळीचा दर कमी केला, जवळच्या कामगारांचे डबे घेतले आणि हॉटेल टिकवलं. तुम्ही आधी पूल नेमका कुठे उतरतो आणि सर्व्हिस रोडची दिशा कोणती, ते नकाशावर पाहून घ्या. उतार तुमच्या अलीकडे संपत असेल तर नशीब उघडलं. दोनशे मीटर पलीकडे असेल तर ट्रकवाला मागे वळून येणार नाही. ते कळेपर्यंत जागेचा नवा भाडेकरार करू नका.

प्रश्न : सरकार टोल बंदच का करत नाही? (सातारा)

उत्तर : २०१५ साली राज्यानं १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार, जीप व एसटीला सूट दिली. पण करारानुसार ठेकेदारांची भरपाई तिजोरीतून द्यावी लागली. म्हणजे ज्याच्याकडे सायकलही नाही, त्यानंही ती भरली. माझं मत विचाराल तर टोल असू द्या, पण किती वसूल झाला आणि किती उरला, हे प्रत्येक नाक्यावर मोठ्या अक्षरांत लागलं पाहिजे.

प्रश्न : शक्तिपीठ महामार्गात आमच्या चार एकरांतली दोन जातील असं दिसतं. उरलेल्या दोन एकरांना सोन्याचा भाव येईल, असं एजंट सांगतो. (मिरज तालुका)

उत्तर : दादा, त्याला एकच विचारा, इंटरचेंज कुठे आहे? वर्धा जिल्ह्यातल्या पवनारहून गोव्याच्या सीमेपर्यंत ८०२ किलोमीटरचा म्हणून जाहीर झालेला हा रस्ता समृद्धीसारखाच बंदिस्त असणार. दोन्ही बाजूंना कुंपण आणि चढण्या-उतरण्याला ठरावीक जागा. भाव येतो तो त्या जागांभोवती. मधल्या शेतातून गाडी नुसती दिसते.

उलट धोका असा, की विहीर एका बाजूला राहते आणि बाग दुसऱ्या बाजूला. मग औषध फवारणीचा ट्रॅक्टर भुयारी मार्ग गाठायला लांबचा वळसा घेतो, तोही दर फवारणीला. आखणीवरून वाद सुरू आहे, तुमचा विरोध असेल तर तो जरूर नोंदवा. पण विरोध करतानाही कागद तयार ठेवा. सातबाऱ्यावर पीक पाहणीत द्राक्षबाग लागली आहे का, विहीर-बोअरची नोंद आहे का, हे आजच तपासा. संयुक्त मोजणी झालीच, तर मांडव, झाडं, पाइपलाइन सगळं पंचनाम्यात येऊ द्या आणि प्रत घेतल्याशिवाय सही करू नका. पाइपलाइनसाठी रस्त्याखालून मोरी मिळणार का, हेही लेखी विचारा. एकदा भराव पडला की ते काम होत नाही.