भाड्यासाठी पहिला फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरी करतो. २५ लाख साठलेत. वाघोलीत ८० लाखांचा टू बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा विचार आहे. भाडं २५ हजार येईल म्हणतात. हप्ता त्यातून निघेल का?

नाही. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंत, तर हप्ता ५२ हजारांच्या आसपास बसतो. भाड्यातून आधी मेंटेनन्स आणि मिळकतकर जाणार. पुणे महापालिकेची ४० टक्क्यांची सवलत स्वतः राहणाऱ्याला असते, भाड्याने दिलेल्या घराला नाही. म्हणजे दरमहा निदान तीस हजार पगारातून घालावे लागतील, तेही भाडेकरू असताना.

शिवाय २० लाख स्वतःचे, ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, हे मिळूनच २५ लाखांच्या वर जातं. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर शुल्कात १ टक्का, म्हणजे ८० हजार वाचतील. पण दुखण्याखुपण्याला हाताशी काय उरलं? मला खरी काळजी त्याची वाटते. फ्लॅट सहा महिने रिकामा राहिला तरी हप्ते भरता येतील एवढी रक्कम वेगळी साठेपर्यंत थांबा.

आणि टोकन देण्याआधी त्या सोसायटीतली एप्रिल-मेची टँकरची बिलं बघा. पाण्याचे हाल असले की भाडेकरू टिकत नाही.

प्रश्न : भाड्याच्या घरात तोटा दाखवून पगारावरचा कर वाचतो, असं एजंट सांगतो. खरं का?

जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वळता करता येतो, तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्याच्या उत्पन्नातूनच वजा होतं, उरलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात, हे एजंटने विचारलं होतं का?

प्रश्न : अकरा महिन्यांचा करार नोटरी केला तर चालेल ना?

चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी कायदा आधी धरून चालतो. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. किल्ली त्यानंतरच द्या.