जुनी जिप्सी घेताना आधी खाली वाका

प्रश्न : आमची धानाची शेती आहे. पावसाळ्यात पांदणीनं ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही. २०१२ ची फोर-व्हील (चारही चाकं ओढणारी) मारुती जिप्सी विकायला आहे. मालक म्हणतो, इंजिन एक नंबर. घेण्याआधी काय पाहावं?
– एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : भाऊ, इंजिनाची चिंता शेवटी करा. १.३ लिटरचं ते पेट्रोल इंजिन साधं आहे, खेड्यातला मिस्त्रीही खोलून बसवतो. थंड असताना चालू करा. निळा धूर आला तर ऑइल जळतंय. पैसे खरे अडकतात ते गाडीच्या खाली.

माझंच सांगतो. गॅरेज टाकलं त्या साली मी एक जुनी जीप घेतली. इंजिन ऐकलं, डांबरी रोडवर फिरवली, फोर-व्हीलचा दांडा पडला म्हणून खूश झालो. रोवणीत पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या भरून बांधीत उतरलो, तर मागची चाकं जागीच फिरताहेत अन् पुढची ढिम्म. पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, खोलला, तर आत चाक फिरवणारा ॲक्सलचा शाफ्टच नाही. काढून, झाकण लावून मला विकली होती. ती रोवणी आठ दिवस मागं पडली.

म्हणून ट्रायल नांगरलेल्या वावरात किंवा रेतीत घ्या. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळवू नका, गिअरांवर ताण येतो. पुढच्या हबवर फिरवायची चकती असेल तर ती आधी लॉक करा. मग फोर-व्हीलचा लो गिअर लावून हळू चालवा. पुढची चाकं ओढतात की नाही, हे बाहेर उभ्या माणसाला बरोबर दिसतं.

ट्रायलच्या आधीच पाना घ्या. पुढच्या डिफरन्शियलचा (ॲक्सलवरच्या गोल गिअर-डब्याचा) खालचा नट जरासा ढिला करून चार थेंब बोटावर घ्या. काळपट, चिकट ऑइल आलं तर ठीक. दुधाच्या चहासारखं आलं तर आत पाणी शिरलंय, गाडी नाल्यातून बुडवून काढलेली आहे, बेअरिंगं गंजली समजा. गाडी रात्रभर उभी असेल तर पाणी तळाला बसतं, पहिला थेंब पाण्याचाच पडतो. बोटावर चमकी दिसली तर गिअर झिजलेत. मागचंही असंच पाहा.

चेसिसला ताजा काळा रंग दिसला तर स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडापाशी पेचकसाच्या मुठीनं ठोका. ठण् वाजलं पाहिजे, भद्द नाही. चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा.

नंबरची पाटी पिवळी असेल तर गाडी भाड्यानं, बहुतेक ताडोबाकडं सफारीत चाललेली असेल. ते वाईट नाही, पण खाजगी करून घेण्याचं आरटीओतलं काम मालकाकडूनच आधी उरकून घ्या. पांढरी असेल तर १५ वर्षांची नोंदणी २०२७ मध्ये संपेल. नूतनीकरणाचा खर्च भावातून कापा. बँकेचा बोजा उतरलाय का, तेही आरसीवर पाहा.

जायच्या आदल्या दिवशी मालकाला सांगा, गाडी सपाट जागी ठेव अन् मी येईपर्यंत चावी लावू नको. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्या दिवशी परत या, दुसऱ्या सकाळी न सांगता जा.